दोष कोणाचा?

प्राण्याचा मेंदू अनेक देशांत आवडीने खाल्ला जातो. जे आपल्या पानात नाही, ते खाणाऱ्यास हीन लेखणे आम्हांस उचित वाटत नाही. मग दोष असतो तो कशात?

पापुआ न्यू गिनीतील फोरे लोक मृत आप्तांचा देह, मेंदूसह, प्रेमापोटी भक्षण करीत. त्यातून ‘कुरू’ हा रोग पसरला आणि मुख्यत्वे स्त्रिया व मुले दगावली. त्यांस कारण ठाऊक नव्हते.

ब्रिटनमध्ये तृणभक्षक गाईंस गुरांच्याच मांस-हाडांची पूड चारली गेली. त्यांचा मेंदू चाळणीसारखा करणारा रोग १९८६ मध्ये ओळखला गेला. १९८९ मध्ये गुरांचा मेंदू माणसांच्या अन्नातून वगळला गेला. तरीही गोमांस निर्धोक असल्याची ग्वाही सरकार देतच राहिले. माणसांतील रोगाशी त्याचा संबंध असावा, हे १९९६ मध्ये सांगितले गेले. तेथे पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली.

निसर्गाने दोघांस सारखेच फळ दिले. न्याय मात्र सारखा नव्हे. अज्ञानास क्षमा आहे. परंतु काटकसरीसाठी मुक्या जिवाचा आहारधर्म मोडणे आणि मनात शंका असता इतरांस निःशंक करणे, यांस ती कोठून असावी? पानात काय वाढले, इतकेच पाहून भागत नाही. गव्हाणीत काय टाकले, हेही पाहिले पाहिजे.