आवर

विश्रामबागेतले दोघे भाऊ एकाच घरात राहत आणि सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी चालवत. एकदा धाकट्याने ओलसर माल नीट न पारखता घेतला. पोत्यांना बुरशी लागली, नुकसान झालं. थोरल्याने त्याला हमालांसमोर झापलं. धाकट्याने चूक कबूल केली, पुढच्या हंगामात नुकसान भरूनही काढलं. थोरल्याचा राग मात्र उतरेना. जेवताना, हिशेबाला बसताना, पाहुण्यांसमोर तोच विषय. शेवटी धाकटा वेगळं बिऱ्हाड शोधू लागला.

त्याच सुमारास थप्पीवरून उतरताना थोरल्याचा घोटा मुरगळला. हाड शाबूत होतं, पण सूज हटेना. विलिंग्डन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आत्या भेटायला आल्या.

"आत्या, या सुजेने वैर धरलंय बघा."

"अरे, सूज वैरी नव्हे. दुखापत झाली की पांढऱ्या पेशी तिथे धावतात, जंतू आणि मेलेल्या पेशी साफ करतात. त्याशिवाय दुखणं बरं होत नाही. पण त्यांची तिखट रसायनं शेजारच्या निरोगी पेशींनाही सोडत नाहीत. म्हणून शरीर कॉर्टिसोलसारखी द्रव्यं बनवून त्यांना आवर घालतं. हा आवर सुटला, तर राखणारेच नासधूस करतात."

"मग आपल्या हळदीचा काही उपयोग? 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय."

"हळदीत करक्युमिन असतं, साधारण शेकडा दोन ते पाच. पेशीतलं एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन सुजेची जनुकं चालू करतं. करक्युमिन त्याला दाबतं, हे प्रयोगशाळेत दिसलंय. पण पोटातून ते रक्तात फार थोडं उतरतं. तेव्हा हळदीचं दूध खुशाल पी, डॉक्टरांचं औषध मात्र सोडू नकोस."

जरा थांबून आत्या म्हणाल्या, "धाकट्यावर रागावलास ते योग्यच होतं. त्यामुळेच तो माल पारखायला शिकला. आता चूक निस्तरली, नुकसान भरलं. मग हा राग अजून कुणाला भाजतोय?"

थोरल्याने धाकट्याला हाक मारली. "वेगळं घर बघू नकोस. तो विषय माझ्याकडून संपला. या हंगामाची खरेदी तूच कर."

धाकट्याने बिऱ्हाडाचा विचार सोडला आणि पेढी एकच राहिली.

तात्पर्य : राग दुरुस्तीपुरता हितकारक, दुरुस्ती झाल्यावरही जो त्याला आवरत नाही, तो आपल्याच माणसांना इजा करतो.