मुदतीबाहेरचे देणे

२०२५ च्या दिवाळीत आमच्या आळीतल्या एका घरावर आकाशकंदील नव्हता. त्या घरचा कर्ता मुलगा गुढीपाडव्याच्या दिवशी मोटारीखाली सापडून गेला होता. वर्षश्राद्ध व्हायचे होते, तेव्हा कंदील नसणे रीतीला धरूनच होते. पण भाऊबीजेच्या संध्याकाळी त्याची आई कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. कोर्टकचेरीचे कागद हाताळण्यात माझी नोकरी गेली, हे तिला ठाऊक होते. ती म्हणाली, "भाऊ, भरपाईच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत होती म्हणे, ती दसऱ्याच्या सुमारास संपली. मुदत संपली म्हणजे त्यांचे देणेही संपले का हो?"

प्रश्न साधा खरा. पण पुढे चार दिवस तो घासातल्या खड्यासारखा लागत राहिला.

मुदतीचा कायदा निर्दय आहे, असे मी म्हणणार नाही. साक्षीदारांच्या आठवणी पुसट होतात, कागद गहाळ होतात. ज्याच्यावर आरोप आहे, त्यालाही केव्हातरी निर्धास्त झोप लागली पाहिजे. उद्या कोणी आपल्या पणजोबांच्या वेळचा तंटा घेऊन दारात उभा राहिला, तर आपण काय उत्तर देणार? म्हणून कायदा सांगतो, की जो आपल्या हक्काविषयी झोपून राहिला, त्याच्यासाठी मी जागा राहणार नाही. परंतु अपघातात सापडलेला माणूस झोपलेला नसतो, पडलेला असतो. आणि तो गेलाच, तर त्याच्या माणसांना पहिले सहा महिने दिवस उगवल्याचेही भान नसते.

शिवाय या मुदतीचा इतिहास पाहावा. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघातांसाठी न्यायाधिकरणे आली, तेव्हा अर्जाला साठ दिवस मिळत. १९६९ च्या दुरुस्तीने त्यांचे सहा महिने झाले. १९८८ च्या कायद्यात सहा महिनेच राहिले. सबळ कारण दाखविल्यास वर्षापर्यंत सवड होती. १९९४ साली मुदतच काढून टाकली गेली. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिने परत आणले आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. जखम तीच, रस्ता तोच, आईचे रडणे तेच; मग तिचा हक्क लेखणीच्या एका फटकाऱ्याने कधी जगावा आणि कधी मरावा, हे कसे? उत्तर एवढेच, की मुदत ही न्यायालयाच्या दाराची वेळ आहे. दार बंद झाले म्हणून घरातले देणे फिटत नाही.

खुद्द कायद्यालाही हे कळते. उसनवारीचीच गोष्ट घ्या. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, मुदतीबाहेर गेलेले कर्ज फेडण्याचे वचन कोणी सहीनिशी लिहून दिले, तर ते वचन बांधून घेते. दावा मेला तरी ऋण कुठेतरी धुगधुगत असते, याची ही कबुलीच नव्हे काय? लक्ष्मीपूजनाला वही पुजताना आपण जुने पान उलटतो. पण त्या पानावरची बाकी नव्या पानावर ओढून घेतो. ती खोडणारा व्यापारी हुशार ठरेल, प्रामाणिक ठरणार नाही.

हे सारे मोटारवाल्याला ऐकवणे सोपे आहे. मला टोचते ते निराळेच. सहा महिन्यांची मुदत मला माहीत होती. श्रावणात मी त्या घरी दोनदा जाऊन आलो, चहा घेतला आणि गप्प बसलो. दुःखाच्या घरी पैशाची गोष्ट कशी काढावी, असे वाटले. त्या सभ्यपणाची किंमत माझ्या खिशातून गेली नाही.

पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की मुदतीच्या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत केवळ उशीर झाला म्हणून असे अर्ज फेटाळू नयेत. तो वाचला त्याच दिवशी मी पिशवी उचलली आणि माउलीला घेऊन वकिलाकडे गेलो. अर्ज दाखल झाला. काय मिळेल, ते न्यायाधिकरण ठरवील.

वाटेत तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, "नाही, देणे संपत नाही." तिला वाटले, मी त्या मोटारवाल्याविषयी बोलतो आहे.