हिब्रूवाचून ज्यू-अभ्यास

अमेरिकेतल्या हार्वर्ड कॉलेजात १७२२ साली जुडा मोनिस नावाच्या विद्वानाची हिब्रूचा शिक्षक म्हणून नेमणूक झाली. मोनिस जन्माने ज्यू. नेमणुकीच्या थोडेच दिवस आधी त्यांनी कॉलेजच्याच सभागृहात बाप्तिस्मा घेतला होता. पाद्री होणाऱ्या मुलांना बायबलचा ‘जुना करार’ मुळातून वाचता यावा, म्हणून हिब्रू तेव्हा अभ्यासक्रमात सक्तीची होती. छापील व्याकरण मिळत नसे, त्यामुळे विद्यार्थी मोनिस यांची वही हाताने उतरवून घेत. अखेर १७३५ मध्ये ते व्याकरण बॉस्टनला छापून निघाले. कॉलेजला हिब्रू हवी होती. ज्यांनी ती शतकानुशतके जपली, त्यांचा इतिहास, त्यांचा कायदा, त्यांचे काव्य यांत मात्र कोणाला रस नव्हता.

युरोपातही हेच चित्र होते. केंब्रिजला आठव्या हेन्रीने १५४० मध्ये हिब्रूचे अध्यासन स्थापन केले, तेही ख्रिस्ती धर्मशास्त्राची गरज म्हणून. बायबलनंतरच्या ज्यू साहित्याकडे विद्यापीठीय शिस्तीने पाहावे, अशी मागणी लिओपोल्ड झुन्झ या जर्मन ज्यू पंडिताने १८१८ मध्ये एका छोट्या पुस्तिकेतून केली. पुढे १८४८ मध्ये बर्लिन विद्यापीठात अशा अभ्यासाचे अध्यासन असावे म्हणून त्यांनी अर्ज केला, तो नामंजूर झाला. विसाव्या शतकात दारे उघडली. १९२५ मध्ये हार्वर्डला हॅरी वुल्फसन आणि १९३० मध्ये कोलंबियाला सालो बॅरन ज्यू-विद्येचे प्राध्यापक झाले. अमेरिकेतल्या अभ्यासकांची संघटना १९६९ मध्ये उभी राहिली आणि नंतरच्या दशकांत कितीतरी विद्यापीठांत ‘ज्युइश स्टडीज’चे विभाग निघाले.

विभाग वाढले, पण त्यांत हिब्रूची जागा आक्रसली. नाझी संहार, अमेरिकन ज्यू कादंबरी, स्थलांतराचा इतिहास, चित्रपट हे सगळे इंग्रजीतून शिकता येते आणि वर्गही भरतात. हिब्रू मात्र अनेक ठिकाणी ऐच्छिक विषय होऊन बसली आहे. बायबलची हिब्रू धर्मशास्त्राकडे, आधुनिक हिब्रू भाषा विभागाकडे आणि ज्यू इतिहास तिसऱ्याच इमारतीत, अशी वाटणीही दिसते. एकेकाळी विद्यापीठात हिब्रू होती आणि ज्यू जीवन नव्हते. आता ज्यू जीवन अभ्यासाला आहे आणि हिब्रूवाचून चालवून घेतले जाते. ही उणीव भरून काढायला हवी.

भाषेवाचून काय हातचे जाते, ते कैरोच्या गेनिझाने दाखवून दिले आहे. देवाचे नाव लिहिलेला कागद फेकायचा नाही, या रिवाजामुळे जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या एका कोठडीत, म्हणजे गेनिझात, कित्येक शतकांचे कागद साचले. हिब्रूचे अभ्यासक सॉलोमन शेक्टर यांनी १८९६-९७ मध्ये त्यांतले जवळजवळ दोन लाख तुकडे केंब्रिजला नेले. त्यांत प्रार्थना होत्या, तशाच करारनामे, घटस्फोटाचे कागद, हिशेब आणि व्यापाऱ्यांची पत्रेही होती. बहुतेक पत्रांची भाषा अरबी, पण लिपी हिब्रू, आणि मधूनमधून हिब्रू व अॅरामाइक शब्दप्रयोग. नुसती अरबी येणाऱ्याला ती लिपी वाचता येत नाही, आणि नुसती लिपी ओळखणाऱ्याला मजकूर कळत नाही. इतिहासकार श्लोमो गॉइटाइन यांच्याजवळ ही दोन्ही साधने होती, म्हणून त्या चिटोऱ्यांतून मध्ययुगीन भूमध्य सागराकाठचे आख्खे समाजजीवन त्यांना अनेक खंडांत उभे करता आले.

त्याच कागदांत बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेला अब्राहम बेन यिजू हा व्यापारी भेटतो आणि त्याचा बोम्मा नावाचा दासही. या बोम्माचा माग काढण्यासाठी लेखक अमिताव घोष ती हिब्रू लिपीतली अरबी शिकले. ‘इन अॅन अँटिक लँड’ हे त्यांचे १९९२ चे पुस्तक त्या श्रमातून आले. पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासाचे एक पान असे हिब्रू अक्षरांत लिहिलेले आहे.

ज्यू-अभ्यासात हिब्रू सक्तीची करावी म्हटले, की दोन आक्षेप नेहमी घेतले जातात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की ज्यू लोक यिडिश, लादिनो, अरबी अशा कितीतरी भाषांत जगले; हिब्रूला अग्रपूजेचा मान दिला की त्या मागे पडतात. पण यिडिश हिब्रू लिपीतच लिहितात. लादिनोही कित्येक शतके त्याच लिपीत लिहिली गेली. ज्यूंच्या बोलण्या-लिहिण्यातल्या या भाषांत बरेचसे धार्मिक आणि कायदेशीर शब्द हिब्रूतून आलेले आहेत. हिब्रू शिकलेला विद्यार्थी या भाषांच्या अधिक जवळ जातो.

दुसरा आक्षेप राजकीय आहे. आधुनिक हिब्रू इस्राएलची राजभाषा आहे, तेव्हा ती शिकवणे म्हणजे त्या राज्याची बाजू घेणे, असे काहींना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. पॅलेस्टिनी निर्वासितांच्या प्रश्नाचा इस्राएलमधला अधिकृत इतिहास १९८० च्या दशकात बेनी मॉरिस आणि इतर इतिहासकारांनी तपासून पाहिला, तेव्हा त्यांचा मोठा आधार होता खुल्या झालेल्या हिब्रू सरकारी दप्तरांचा. अंतोन शम्मास या गालिलीतल्या अरब ख्रिस्ती लेखकाने आपल्या गावाची आणि कुटुंबाची कादंबरी १९८६ मध्ये हिब्रूत लिहिली. सत्तेची भाषा आणि सत्तेला प्रश्न विचारणारी भाषा तिथे पुष्कळदा एकच असते. त्या राज्याचा समर्थक असो की विरोधक, त्याला हिब्रू आलीच पाहिजे.

आधी भाषा, मग अभ्यास, हा धडा महाराष्ट्राचा अभ्यास करणाऱ्या परदेशी विद्वानांनी कधीच गिरवला आहे. एलिनॉर झेलियट यांना आंबेडकरी चळवळ समजून घ्यायची होती, ग्युंटर सोंथायमर यांना धनगरांचा खंडोबा, अॅन फेल्डहाउस यांना महानुभावांचे ग्रंथ. तिघेही आधी मराठी शिकले. मराठी न येता वारकरी संप्रदायावर प्रबंध लिहिणाऱ्याला आपण अभ्यासक मानणार नाही. मग तालमुद या ज्यू धर्मग्रंथाच्या परंपरेबद्दल निराळा न्याय का लावायचा?

हिब्रू शिकवायची कशी, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत ती एरवी स्वरचिन्हांवाचून छापतात. व्याकरण अंगवळणी पडल्याशिवाय शब्द नीट उच्चारताही येत नाही, त्यामुळे एका सत्राचा तोंडओळखीचा वर्ग पुरत नाही. निदान दोन वर्षे सलग शिकवले पाहिजे आणि सुरुवात बोलण्यापासून केली पाहिजे. अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजात ब्रँडाइस विद्यापीठाच्या सहकार्याने २००८ मध्ये उन्हाळ्यात भरणारी हिब्रूची शाळा सुरू झाली. तिथे मुले त्या काळात फक्त हिब्रूतच बोलण्याचे वचन देतात.

जुनी आणि नवी हिब्रू यांच्यातली विभागीय भिंतही काढली पाहिजे. एलिएझर बेन येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला आले आणि ही भाषा पुन्हा घराघरांत बोलली जावी म्हणून झटले. बायबल, मिश्ना हा ज्यू कायद्याचा प्राचीन संग्रह, मध्ययुगीन ग्रंथ असे सर्व थर उपसून त्यांनी कोश रचायला घेतला. त्याचे सतरा खंड त्यांच्या मृत्यूनंतर, १९५९ मध्ये पुरे झाले. १९६६ चे नोबेल मिळवणाऱ्या अॅग्नॉन यांच्या गद्यात हे थर एकत्र नांदतात. त्यांची कथा वाचणाऱ्याला जुनी हिब्रूही हवी आणि नवीही.

या विषयाशी मराठीचा संबंध जुना आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. पुढे त्याच समाजातले जोसेफ इझिकेल राजपुरकर हे डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणूनही काम केले. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या हगादा या वल्हांडण सणाच्या पोथीत हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी छापली आहे आणि चित्रांतल्या बायका साडीत आहेत.

एवढे साधन इथे असताना त्याचा अभ्यास बाहेरच्यांवर सोडून देणे बरे नाही. कोकणातल्या या समाजाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने हिब्रू शिकायला घ्यावी. मराठी त्याच्याजवळ आहेच, आणि या दोन्ही भाषा येणारे संशोधक जगात फार थोडे आहेत. मुंबई आणि पुण्याच्या विद्यापीठांनी त्याला पक्का, सलग दोन वर्षांचा हिब्रूचा वर्ग द्यावा.