क्षमा आणि आठवण

माहेरी कोल्हापूरला गेले की महावीर उद्यानात एक फेरी होतेच. तिथं पोलंडच्या लोकांचा स्मृतिस्तंभ आहे. १९४० पासून सोव्हिएत सत्तेनं घरांतून उचलून सायबेरियात नेलेली ही माणसं. कितीजण थंडीनं, भुकेनं गेले. वाचलेले इराणमार्गे इकडं आले. जामनगरजवळ बालाचडीत मुलं राहिली. आमच्या वळिवड्याला १९४३ ते ४८ जवळपास पाच हजार जण, बायकापोरंच जास्त.

बडोद्याला आल्यावर भिशीत हे सांगितलं, तर मैत्रीण म्हणाली, "आपण क्षमा करणारे लोक. दगड उभारून दुःख धरून ठेवायचं, म्हणजे वैर जपणंच की!"

मी म्हटलं, अगं, प्रतिक्रमण म्हणजे तरी काय? एकेक दोष आठवायचाच ना? फोनवरून शंभर जणांना एकदम ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवतो आपण, त्यात कोणता दोष आठवलेला असतो? आणि तो स्तंभ तर आसरा देणाऱ्या गावात उभा आहे. वैर जपायचं असतं तर इथं कशाला उभारला असता?

बोलले खरी, पण मग जीभ अडखळली. इथंच, बडोद्यात, हनुमान टेकडीला १ मार्च २००२ च्या रात्री बेस्ट बेकरीवर जमाव आला. १४ माणसं मेली, घरची आणि कामावरचीही. त्या बाजूनं मी कितीदा रिक्षातून गेलेय. परक्या पोलिश लेकरांसाठी हात जोडणारी मी तिथं एकदाही उतरले नाही.

यंदा क्षमावणीच्या आधी रिक्षा थांबवायची म्हणतेय. घरी अजून बोलले नाही.