जपणूक आणि आधार

जी वस्तू नाजूक असेल तिला कमी हाताळावे, हा व्यवहारातील सर्वमान्य नियम आहे. काचेचे भांडे आपण कपाटाच्या वरच्या खणात ठेवतो, आणि त्यात शहाणपणच आहे. परंतु जे नाजूक आहे ते भांडे नसून वाढते मूल असेल, तर हा नियम कितपत लागू पडतो, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

शीव येथे १९४७ साली सुरू झालेले महापालिकेचे लोकमान्य टिळक रुग्णालय रेल्वे व हमरस्ता यांच्या निकट आहे. अपघातात सापडलेल्यांची रीघ तेथे खंडत नाही. त्यांची हाडे मोडण्यास मोटार, रूळ, परांची असे काही बाह्य कारण असते. परंतु अस्थिभंगाचा एक प्रकार असा आहे की, त्यात आघात शोधूनही सापडत नाही. तान्ह्या मुलाचे दुपटे बदलताना त्याच्या मांडीचे हाड मोडते. सुमारे १५ ते २० हजार जन्मांमागे एकाच्या वाट्यास येणारा हा ठिसूळ हाडांचा विकार होय. हाडाला कठीणपणा चुन्याने येतो, पण चिवटपणा येतो तो कोलाजेन नावाच्या प्रथिनतंतूने. बहुतेक रुग्णांत हा तंतू घडविणाऱ्या जनुकातच दोष असतो. त्यात आईबापांचा अपराध नसतो, आणि पूर्वजन्मीच्या पापाचा तर संबंधच नाही.

अशा मुलाला अंथरुणावरून हलू न देणे, ही घरातील माणसांची पहिली बुद्धी. ती मायेची आहे, परंतु हाडाचा धर्म तिला अनुकूल नाही. भार पडला तरच हाड आपली घनता राखते. आठवडेच्या आठवडे प्लास्टरमध्ये पडलेले हाड अधिक विरळ होते, वाकते आणि पुन्हा मोडते. म्हणजे जपणुकीनेच ठिसूळपणा वाढतो.

या फेऱ्यातून काढणारी शस्त्रक्रिया सोफील्ड व मिलर या अमेरिकन शस्त्रवैद्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केली. वाकलेले लांब हाड अनेक ठिकाणी कापावयाचे, ते तुकडे सरळ रेषेत आणावयाचे आणि त्यांच्या पोकळीतून धातूची सळई ओवावयाची. परंतु मूल वाढते, सळई वाढत नाही. तिच्या टोकापलीकडचे हाड पुन्हा वाकू लागते. म्हणून बेली व डुबो यांनी दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकात एक सरकणारी, हाडाबरोबर लांबणारी सळई योजिली. पुढे माँट्रियलच्या फासिए व दुवाल यांनी तीत सुधारणा केली. १९९८ पासून बिस्फॉस्फोनेट औषधांची जोडही मिळाली. तथापि हा आधार आहे, रोगमुक्ती नव्हे. सळई सरकते, वाकते, कधी पुन्हा बदलावी लागते.

येथे कोणी म्हणेल, जे हाड आधीच इतक्यांदा मोडले ते आपण होऊन पुन्हा कापावे, आणि तेही ज्याला संमती देता येत नाही अशा बालकाचे, हा कोणता न्याय? आक्षेप खरा आहे. परंतु शस्त्रक्रिया नाकारणे हाही एक निर्णयच आहे, आणि जन्मभर अंथरुणास खिळण्यास तरी त्या बालकाने कोठे संमती दिलेली असते? यातून ज्याचे त्याचे हाड कापावे, असे मात्र निष्पन्न होत नाही. विकार सौम्य असून हाडे सरळ असली, तर सळईची गरज नसते. मूल बसू, उभे राहू, चालू शकेल काय, हाच निकष असावा. इतरांच्या मुलासारखे ते दिसावे ही आईबापांची हौस नव्हे. आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तर त्याच्याच पायाविषयी विचारले पाहिजे. वेदना ते जाणते आणि आशाही.

परंतु हा प्रश्न केवळ आईबाप व शस्त्रवैद्य यांच्यावर सोपवून आपणांस मोकळे होता येणार नाही. सळईच्या बळावर उभे राहिलेले मूल शाळेच्या दाराशी आले आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरत असला, तर त्या सळईचा उपयोग काय? ‘मूल पडले तर जबाबदारी कोणाची?’ असे विचारून जी शाळा त्यास परत पाठविते, ती त्याला काचेच्या भांड्याप्रमाणे पुन्हा वरच्या खणात ठेवीत असते. वर्ग तळमजल्यावर आणणे हे शस्त्रक्रियेहून पुष्कळ सोपे काम आहे, आणि त्यासाठी शस्त्रवैद्याची गरज नाही.