रोजगार मिळतो, पण कुठला?

डोंबिवली (पूर्व)
आषाढ

चि. सायली,


तुझा मेसेज पोचला. येऊरला बंगला घेऊन वर्षासहल, रात्री बार्बेक्यू, सकाळी ‘वारली वर्कशॉप’, आणि शेवटी तुझं ते वाक्य: ‘आदिवासींना रोजगारही मिळतो ना गं आजी?’ बाकी सगळ्यावर मी गप्प बसले असते. या वाक्यामुळे पत्र लिहायला घेतलं.

मिळतो की. पण कुठला, ते बघ. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. पाटोणपाडा, जांभूळपाडा हे पाडे तिथे बंगल्यांच्या कितीतरी आधीचे. भातशेती, रानभाज्या, मोहाची फुलं यांवर चालणारी घरं. आज त्याच घरातला मुलगा बंगल्याच्या फाटकावर वॉचमन असतो आणि आई आत भांडी घासते. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे सहजासहजी जाऊ नये म्हणून १९७४ साली जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती झाली. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय असा व्यवहार होऊ शकत नाही. तरी हॉटेलं, बंगले, टर्फ उभे राहिलेच, आणि तिथल्या बेकायदा बांधकामांचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तेव्हा रोजगाराचं विचारण्याआधी सातबारा कुणाच्या नावावर आहे ते विचारावं. मी सरकारी कचेरीत नोकरी केलेली बाई, मला कागद आधी दिसतो.

शिवाय रात्र. डीजे, फटाके, हेडलाइट. तुम्ही सकाळी उठून घोडबंदर रोडला लागता. पाड्यावरच्यांना मात्र तो आवाज दर शनिवारी आहे. तक्रारी त्यांनी कमी केल्या नाहीत.

आता वर्कशॉपचं. वारली चित्र ‘सोपं’ असतं म्हणून शाळेत तुम्हाला त्रिकोण जोडायला शिकवतात. मुळात ते लग्नघरातलं काम. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, धवलेरी गाणी म्हणत लग्न लावते. चौकाशिवाय लग्न नाही. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर आणली, जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा चित्र घराबाहेर पडलं याचं मला दुःख नाही, उलट त्यातून चार घरांत पैसा आला. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आपल्या सोसायटीच्या लिफ्टशेजारी जो तारपा नाच रंगवलाय, तो कुणी काढला? चित्रकाराचं नाव कुठेय? चादरीवर, कुर्त्यावर, पुलाखालच्या खांबावर वारली चालते, वारली माणूस भाड्याने घर मागायला आला की सेक्रेटरीला आठवण होते नियमांची.

आणि खरा तारपा पीक हाती येऊ लागलं की वाजतो. रिसॉर्टवर तो रात्री आठला वाजतो, जेवणाआधी.

जाऊ नको असं मी म्हणत नाही. कर्जत लोकलने धबधब्याला जाणारी डोंबिवलीची पोरं मी आयुष्यभर पाहिली; त्यांतल्या कित्येकांनी परतताना ठाकरणींकडून करवंदं, शेवळं घेतली असतील. त्यातही घासाघीस चालते हे वेगळं. तरी तो व्यवहार मला बरा वाटतो. माल तिचा, भाव ती सांगते, आणि नाही पटलं तर पाटी उचलून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे जाते. बंगल्याच्या वॉचमनला असं उठून जाता येत नाही.

वर्कशॉप घ्यायचंच असेल तर शिकवणारी बाई किंवा बाप्या वारली आहे का, आणि तुमच्या पैशांतले किती त्याच्या हातात पडतात, हे बंगलेवाल्याला आधी विचार. चिडला तर उत्तर मिळालंच.

आणि पौष पौर्णिमेला मोकळी राहा. मुरबाडजवळ म्हशाची जत्रा भरते, गुराढोरांची, घोंगड्यांची. आजूबाजूच्या डोंगरातले आदिवासी तिथे स्वतःच्या खरेदीला येतात, आपल्यासाठी कुणी काही मांडलेलं नसतं. कल्याणहून एसटीने जाऊ. जागा मिळणार नाही, उभं राहायची तयारी ठेव, आणि मला एक घोंगडी घ्यायची आहे, ती उचलायला तूच.

तुझी,
आजी