दुबार कोण, हे कोणी ठरवायचं?

शेगाव जवळ असल्यामुळे असेल, आमच्या अकोल्याकडे 'गजानन' हे नाव गल्लोगल्ली सापडतं. त्यात आडनाव इंगळे किंवा गावंडे असलं, की एकाच गावात तंतोतंत एका नावाचे दोघं निघणं मुळीच नवलाचं नाही. गावाची अडचण होत नाही. एक टेकाडावरचा, दुसरा नाल्याकाठचा. अडचण होते कॉम्प्युटरची. मी डेटाबेसचं काम करते, म्हणून हा प्रश्न माझ्या रोजच्या कामात येतो.

तांत्रिक उत्तर सोपं आहे. टेबलवर ट्रिगर लावायचा. नवी ओळ आत येण्याआधी तो नाव, वडिलांचं नाव, गाव ताडून बघतो. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये अशा ट्रिगरने 'नल', म्हणजे रिकामं उत्तर, परत दिलं की ती ओळ गुपचूप गळते. एररही येत नाही.

गंमत अशी, की खरा दुबार यातून निसटू शकतो. एकाच क्षणी दोन ठिकाणांहून तोच फॉर्म आला, तर एकमेकांची अजून पक्की न झालेली ओळ ट्रिगरला दिसत नाही. दोन्ही आत जातात. ते थांबवायला युनिक इंडेक्स लागतो. पण 'सारखं' म्हणजे काय सारखं, हे त्यालाही कोणीतरी सांगावंच लागतं. मोबाइल नंबर धरला, तर एकच फोन वापरणाऱ्या माय-लेकी एकच का?

पैसे भरताना बटण दोनदा दाबलं गेलं, तर दुसरी ओळ गाळणं बरोबरच. तिथे व्यवहाराचा क्रमांक एकच असतो. माणसांचं तसं नाही.

२०२५ च्या नगरपालिका निवडणुकांत राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे लावायचं ठरवलं. कुठे मतदान करणार, हे त्या मतदाराला विचारायचं. उत्तर आलं नसेल, तर केंद्रावर हमीपत्र घ्यायचं. याद्यांवरून वाद पुष्कळ झाले, पण यामागचं तत्त्व मला पटतं: संशय नोंदवा, निकाल परस्पर लावू नका.

ट्रिगरनेही तेच करावं. संशयित ओळ वेगळ्या टेबलात ठेवावी, कारण लिहावं, माणसाला कळवावं. यात खर्च आहे. कोणालातरी बसून त्या ओळी तपासाव्या लागतात, लबाडालाही थोडी सवड मिळते. तरी दोन्ही चुका सारख्या नाहीत. जास्तीची ओळ उद्या शोधून काढता येते. गिळलेली ओळ कुठे शोधणार? नाल्याकाठचा गजानन विचारायला येईल, तेव्हा खिडकीतून उत्तर मिळेल, "तुमचं नाव तर आहे की!"